साध्या मोबाइलला उपग्रहाची रेंज

उपग्रहावरून फोन करणे ही कल्पना नवी नाही, हे आधी सांगून टाकतो. इरिडियम कंपनीने सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर ६६ उपग्रहांचे जाळे उभारून नोव्हेंबर १९९८ मध्ये अशी सेवा सुरू केली आणि अवघ्या नऊ महिन्यांत, ऑगस्ट १९९९ मध्ये, दिवाळखोरी जाहीर केली. यंत्रणा चालत होती. चालत नव्हता तो धंदा. कधीतरी लागेल म्हणून विटेसारखा जाडजूड आणि महागडा वेगळा फोन जवळ बाळगणारे असे किती असणार? आज फोन आपल्या खिशातलाच आहे. बदलावे लागले आहे ते उपग्रहाला.

हा बदल किती मोठा आहे, ते पाहा. आपला फोन साधारणपणे २०० मिलिवॉट, म्हणजे वॉटच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या शक्तीने बोलतो. टॉवर ५ किलोमीटरवर आणि उपग्रह ५०० किलोमीटरवर धरला, तर अंतर शंभरपट होते आणि पोहोचणारा सिग्नल दहा हजारपट क्षीण होतो. फोनचा अँटेना वाढवता येत नाही, बॅटरीवर आणखी भार टाकता येत नाही. तेव्हा वरचा कानच मोठा करावा लागतो. एएसटी स्पेसमोबाइल कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये सोडलेल्या ब्लूवॉकर ३ या चाचणी-उपग्रहाने कक्षेत गेल्यावर ६४ चौरस मीटरचा अँटेना उलगडला आणि एप्रिल २०२३ मध्ये त्याच्यामार्फत टेक्सासमधील एका साध्या हँडसेटवरून जपानला फोन लागला. एवढा मोठा पत्रा रात्रीच्या आकाशात ठळक ताऱ्यासारखा चमकू लागल्यामुळे खगोलशास्त्रज्ञ नाराज झाले, आणि त्यांची तक्रार मला रास्त वाटते.

दुसरी अडचण अधिक मजेशीर आहे. फोर-जीची सारी रचना टॉवर जागचा हलत नाही हे गृहीत धरून केलेली आहे, आणि हा टॉवर तर ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने डोक्यावरून निघून जातो. त्या वेगामुळे दोन गिगाहर्ट्झच्या लहरीची वारंवारता जवळजवळ ५० किलोहर्ट्झपर्यंत सरकू शकते, तर फोर-जीत शेजारशेजारच्या उपवाहक लहरींमध्ये (माहिती ज्यांवर वाटून पाठवतात त्या बारीक लहरींमध्ये) अंतर असते केवळ १५ किलोहर्ट्झ. यावर उपाय असा, की ही घसरण उपग्रहाच्या बाजूची यंत्रणा आधीच हिशेबात घेऊन दुरुस्त करते आणि आपण उपग्रहाशी बोलत आहोत याचा फोनला थांगपत्ताही लागत नाही. मोबाइल जाळ्यांची मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेच्या, २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या सतराव्या आवृत्तीने दुसरी वाट मोकळी केली. तीत फोनच आपले स्थान आणि उपग्रहाची कक्षा पाहून ही दुरुस्ती करतो.

आता क्षमतेकडे वळू, कारण जाहिरातींत नेमकी हीच बाजू झाकलेली असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ वर सुरू झालेली आपत्कालीन संदेशाची सोय आठवा. उघड्यावर उभे राहायचे, पडद्यावरच्या खुणेप्रमाणे वळत फोन उपग्रहाच्या रोखाने धरायचा. आकाश मोकळे असेल तर संदेश पंधरा सेकंदांत जातो, झाडांखाली मिनिटाहून अधिक वेळ लागू शकतो. जानेवारी २०२४ मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंकचे थेट मोबाइलशी बोलणारे पहिले उपग्रह वर गेले, तेव्हा एका झोताला, म्हणजे उपग्रह जमिनीच्या एका भागावर टाकतो त्या लहरींच्या शलाकेला, सेकंदाला सुमारे ७ मेगाबिटच मिळतील आणि झोत फार मोठे आहेत, म्हणून जमिनीवरील जाळ्याशी याची बरोबरी होणार नाही, असे खुद्द इलॉन मस्क यांनी लिहिले होते. झोताखालच्या साऱ्या प्रदेशाने हे ७ मेगाबिट वाटून घ्यायचे. दोघातिघांनी व्हिडिओ लावले की संपले. पण एक एसएमएस १४० बाइटांचा असतो (देवनागरीत त्यात फक्त ७० चिन्हे मावतात आणि काना-मात्राही वेगळ्या मोजल्या जातात, तो भाग निराळा). म्हणजे निव्वळ हिशेबापुरते पाहिले तर त्याच झोतातून सेकंदाला सहा हजार संदेश जाऊ शकतात. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलेन चक्रीवादळाने अमेरिकेत टॉवर बंद पाडले, तेव्हा तेथील दूरसंचार नियामकाने ऑक्टोबरमध्ये तातडीची परवानगी देऊन याच मार्गाने इशारे आणि संदेश पोहोचवू दिले.

उपग्रह मोठे होतील, संख्येने वाढतील आणि झोत अरुंद होत जातील. तेव्हा उघड्यावर आवाज आणि माफक इंटरनेट मिळेल, असे मी धरून चालतो. घराच्या छताखाली मात्र फारशी आशा ठेवू नये. खरी टंचाई वापरायला मोकळ्या असलेल्या रेडिओ लहरींची आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये स्पेसएक्सने एकोस्टार या अमेरिकी दूरसंचार कंपनीच्या लहरींचे हक्क सुमारे १७ अब्ज डॉलरना घेण्याचा करार केला, तो उगाच नव्हे. शिवाय लहरींचे वाटप प्रत्येक देश आपापल्या हद्दीपुरते करतो आणि झोत काही सीमेवर येऊन थांबत नाही. शेजारच्या देशात तीच लहर एखादा टॉवर वापरत असेल, तर दोघांचेही बोलणे बिघडते. साध्या फोनसाठी उपग्रहांना कोणत्या लहरी द्यायच्या, हा विषय २०२७ मध्ये शांघाय येथे होणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेच्या कार्यसूचीवर आहे. पुढचे रॉकेट किती उपग्रह घेऊन जाते, यापेक्षा तिथे काय ठरते याकडे माझे लक्ष अधिक आहे.