कालनिर्णयावरच्या फुल्या

लालबागच्या चाळीतली ही खोली. दुपारचे दोन वाजलेत, तरी खिडकीला जाड चादर. भिंतीवर कालनिर्णय, आणि तारखांवर पेनाच्या फुल्या. ज्या दिवशी ताईंचं डोकं ठणकलं, त्या दिवशी फुली. जूनच्या पानावर १८.

सुंठ उगाळून लावली, बाम चोळला, ओढणी कपाळाला घट्ट आवळून बांधली. लोकलमध्ये शेजारणीच्या गजऱ्याचा वास आला तरी पोटात ढवळायचं. आणि राहायला लालबागला! गणपतीत ढोल-ताशा सुरू झाला, की या मोरीच्या कोपऱ्यात कान दाबून बसायच्या. घरचे म्हणायचे, "टेन्शन घेतेस." पण अर्धशिशी हा मज्जासंस्थेचा खराखुरा आजार आहे.

महिन्यात १५ किंवा अधिक दिवस डोकेदुखी, त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीचे, आणि हे ३ महिन्यांहून जास्त चाललं, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. म्हणून फुल्या मोलाच्या. गोळ्यांचे दिवसही लिहावेत. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात १५ दिवस घेत राहिलं, तर तिच्यामुळेच डोकं दुखायला लागू शकतं.

रोजच्या औषधांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी बोटॉक्स सुचवलं. हो, सुरकुत्यांसाठी देतात तेच. अमेरिकेत सुरकुत्यांसाठी ते घेणाऱ्या काहींची डोकेदुखी कमी झाली, तिथून हा शोध सुरू झाला. २०१० मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली.

कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे. ३१ ठिकाणी बारीक सुई, दर ठिकाणी ५ युनिट, एकूण १५५. मूळचं हे विषच, बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार घडवणारं. इथे त्याची मात्रा अगदी सूक्ष्म. वेदनेचा निरोप नेणारी रसायनं मज्जातंतूंच्या टोकांतून सुटतात, ती ते अडवतं. असर ओसरतो, म्हणून दर १२ आठवड्यांनी पुन्हा. काहींची मान दुखते, क्वचित पापणी उतरते. अधूनमधून उठणाऱ्या अर्धशिशीसाठी मात्र हा उपाय नाही.

खर्च मोठा. ताईंनी भिशीचे पैसे लावले. पहिल्या खेपेला फारसा फरक नव्हता, तरी त्या दुसऱ्यांदा गेल्या.

हे सप्टेंबरचं पान. फुल्या ९. अनंत चतुर्दशीचा चौकोन कोरा आहे.