पायाखालची हवा

श्रोतेहो, नमस्कार.

कुठल्याही वातानुकूलित कार्यालयात गेलात, की एकदा मान वर करून पाहा. फॉल्स सीलिंगमध्ये ठरावीक अंतरावर चौकोनी जाळ्या दिसतील. त्यांतून साधारण १२-१३ अंश सेल्सिअसची गार हवा खोलीत सोडलेली असते, आणि तीही चांगली वेगानं. गार हवा जड असते. ती नुसती सोडली, तर खाली बसलेल्याच्या मानेवर उतरेल आणि तो दिवसभर शाल पांघरून बसेल. म्हणून तिला छताच्या कडेकडेनं फेकायचं, खोलीतल्या हवेत वरच्या वर घुसळायचं आणि २४ अंशांच्या आसपास आणून खाली येऊ द्यायचं. ताक घुसळावं तशी सगळी खोली घुसळून निघते. छतापाशी २४ आणि टेबलापाशीही २४.

पण छतापाशी कोण बसतं?

माणसांचा सगळा वावर जमिनीपासून १.८ मीटरच्या आत असतो. त्यावरच्या हवेत फक्त दिवे असतात. ती हवा २८ अंशांची झाली, तरी कुणाचं काही बिघडत नाही. तरीही आपण ती गार करतो आणि त्यासाठी वीज जाळतो. हरित इमारतींच्या वातानुकूलनाचं काम करताना या एका गोष्टीनं मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं आहे.

आता आणखी एक बघा. खुर्चीवर शांत बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडते. म्हणजे प्रत्येक जण एक जुना पिवळा बल्बच. या उष्णतेतली थोडी घामाच्या आणि श्वासाच्या वाफेत जाते, उरलेली अंगाभोवतीची हवा तापवते. तापलेली हवा हलकी होते आणि खांद्यांवरून, डोक्यावरून सरळ वर जाऊ लागते. संगणकाचंही तेच, छपाईयंत्राचंही तेच. उष्णता आपल्या पायानं घराबाहेर निघालेली असते. आणि आपण वरून गार हवेचा मारा करून तिला परत आत ढकलतो, खोलीभर पसरवतो आणि मग ती काढण्यासाठी यंत्र चालवतो.

जमिनीखालून हवा देण्याच्या पद्धतीत ही वाट उलटी केली आहे. इमारतीच्या काँक्रीटच्या स्लॅबवर छोटे पोलादी पाय उभे करायचे आणि त्यांवर साठ बाय साठ सेंटिमीटरच्या मजबूत फरश्या बसवायच्या. खाली साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीची पोकळी तयार होते. या पोकळीला प्लेनम म्हणतात. विजेच्या आणि इंटरनेटच्या तारा तिथूनच जातात आणि थंड केलेली हवाही तिथेच भरतात. फरश्यांमध्ये गोल डिफ्यूझर, म्हणजे हवा पसरवणाऱ्या जाळ्या, असतात. त्यांच्या वळणदार पात्यांमधून हवा भोवऱ्यासारखी फिरत वर येते, माणसांच्या उंचीपर्यंत पोचते, तापते आणि छताजवळच्या जाळ्यांतून बाहेर ओढली जाते. हवा खालून वर एकाच दिशेनं जाते. उष्णतेला जिकडे जायचंच होतं, तिकडे.

कल्पना अगदी नवी नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक आपल्या स्नानगृहांची जमीन विटांच्या छोट्या खांबांवर उचलून धरत आणि तिच्याखाली भट्टीचा गरम धूर फिरवत. आपल्या काळात उचललेली जमीन १९५० च्या दशकात मोठ्या संगणकांच्या खोल्यांत आली. १९७० च्या दशकात पश्चिम जर्मनीतल्या कार्यालयांनी तिच्यातून माणसांसाठी हवा द्यायला सुरुवात केली. हाँगकाँगमध्ये वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी आरेखन केलेल्या हाँगकाँग अँड शांघाय बँकेच्या मुख्यालयात, १९८५ साली, ती उंच इमारतीत पोचली.

या पद्धतीत वीज वाचते कशी, ते थोडं नीट सांगते, कारण जाहिरातींत हे फार सैल शब्दांत सांगितलं जातं.

डिफ्यूझर आपल्या पायांशीच असल्यामुळे इथे १२ अंशांची हवा चालत नाही, पाय गारठतील. म्हणून ती १६ ते १८ अंशांची देतात. बाहेर कोरडी आणि १६ अंशांची हवा असेल, तर ती गाळून थेट आत घेता येते, चिलर, म्हणजे वातानुकूलनासाठी पाणी गार करणारं यंत्र, बंद ठेवता येतो. छतावरून हवा देणाऱ्या व्यवस्थेला तीच हवा आणखी गार करावी लागते. चिलर चालवावा लागलाच, तरी त्याचं पाणी फार थंड करावं लागत नाही. पाण्याचं तापमान १ अंशानं वर ठेवता आलं, की चिलरची वीज ढोबळमानानं २ ते ३ टक्क्यांनी कमी होते. आणि प्लेनममध्ये दाब लागतो तो फक्त १२ ते २५ पास्कल. म्हणजे पेल्यातल्या पाण्याची पातळी एक-दोन मिलिमीटर सरकवायला लागेल इतकाच. लांबलचक अरुंद डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळांतून, हवा ढकलायला याच्या कितीतरी पट दाब लागतो.

आता मला जे आवर्जून सांगायचं आहे, ते सांगते. ही बचत थरांवर उभी आहे. खाली गार, वर गरम, असे हवेचे थर खोलीत टिकले तरच ती मिळते.

हिशेब करून पाहू. छताच्या पद्धतीत हवा १३ अंशांनी आत येते आणि २४ अंशांनी बाहेर जाते. प्रत्येक घनमीटर हवा ११ अंशांएवढी उष्णता वाहून नेते. जमिनीच्या पद्धतीत हवा १७ अंशांनी आत येते, पण वरचा थर तापलेला असल्यामुळे बाहेर पडते २८ अंशांनी. फरक पुन्हा ११ अंशांचाच, म्हणजे हवा तेवढीच पुरते. आता समजा, डिफ्यूझरमधून हवा इतक्या जोरात सोडली, की तिचे झोत छतापर्यंत जाऊन आपटू लागले. थर मोडले. खोली पुन्हा ताकासारखी घुसळली. मग हवा २८ ऐवजी २४ अंशांनीच बाहेर जाणार. फरक उरला ७ अंशांचा. तेवढीच उष्णता काढायला आता दीडपटीहून जास्त हवा लागेल. आणि पंख्याचा नियम कठोर आहे. त्याच वाटेनं हवा दीडपटीहून जास्त ढकलायची, तर वीज तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ चौपट होते. यंत्रं तीच, फरश्या त्याच, इमारतीच्या दारावर हरित प्रमाणपत्रही तेच. पंख्याची वीज मात्र चौपट.

असं का होतं? बहुतेक वेळा भीतीपोटी. कुणीतरी तक्रार करतं, देखभालीचा माणूस दाब थोडा वाढवतो. पुन्हा तक्रार येते, पुन्हा दाब वाढतो. झोत माणसाच्या डोक्याच्या वर जाऊ नयेत, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट गळतीची. एका इमारतीत मला बोलावलं होतं, कारण प्लेनममध्ये दाब टिकतच नव्हता. पंखे पूर्ण क्षमतेनं चालू होते आणि तरीही दूरच्या कोपऱ्यातले लोक उकडतंय म्हणत होते. आपल्याकडे म्हणतात ना, कुठेतरी पाणी मुरतंय. इथे हवा मुरत होती. आम्ही प्लेनममध्ये निरुपद्रवी धूर सोडला आणि वाट पाहत थांबलो. धूर फरश्यांच्या फटींतून आला, तो अपेक्षित होता. पण तो विजेच्या तारांच्या उभ्या पोकळीतून दोन मजले खालीसुद्धा निघाला. तारा ओढण्यासाठी भिंतीत पाडलेली भोकं बुजवायची राहून गेली होती. ज्यानं भोक पाडलं, त्याचं काम तारेचं होतं. हवेचं काम ज्याच्याकडे होतं, तो येईपर्यंत वर फरश्या बसल्या होत्या.

गळती दोन प्रकारची असते. फरश्यांच्या सांध्यांतून निघालेली हवा निदान खोलीत तरी येते, फक्त आपण ठरवलेल्या जागी येत नाही. पण भिंतीच्या पोकळीत, खांबांच्या आवरणात, उभ्या शाफ्टमध्ये गेलेली हवा सरळ वाया जाते. तिला गार करायला लागलेली वीजही तिच्याबरोबर जाते.

सांध्यांचा अंदाज यावा म्हणून एक आकडा देते. १,००० चौरस मीटरच्या मजल्यावर साठ बाय साठच्या जवळजवळ २,८०० फरश्या बसतात. त्यांच्यामधल्या सांध्यांची एकूण लांबी होते ३.३ किलोमीटर. प्रत्येक सांध्यात फट राहिली फक्त एक दशांश मिलिमीटरची, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी, तरी त्या सगळ्या फटींचं क्षेत्रफळ मिळून जवळजवळ एका अख्ख्या फरशीएवढं होतं. म्हणजे मजल्याच्या मधोमध एक फरशी कायमची उघडी टाकल्यासारखंच. म्हणून फरशी उचलून तारेचं काम केल्यावर ती नीट दाबून बसवणं हे फक्त टापटिपीचं काम नाही, ते वीज वाचवण्याचंच काम आहे.

तिसरी अडचण अभ्यासकांच्याही उशिरा लक्षात आली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या सेंटर फॉर द बिल्ट एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं या पद्धतीचा कित्येक वर्षं अभ्यास केला आहे. त्यांना असं आढळलं, की खोलीतल्या उष्णतेचा सुमारे ३० ते ४० टक्के भाग वर न जाता खालच्या प्लेनममध्येच उतरतो. कसा? तापलेलं छत आपली उष्णता फरशीवर टाकतं, हा एक मार्ग. दुसरा मार्ग स्लॅबमधून. आपल्या मजल्याचं छत म्हणजे वरच्या मजल्याचा तळ. आपली परतीची गरम हवा त्याला खालून तापवते आणि वरच्या मजल्याची गार हवा त्याच्यावरूनच सरकत असते. त्यामुळे जिथून ती प्लेनममध्ये शिरते त्या शाफ्टपाशी १७ अंशांची असलेली हवा दूरच्या काचेच्या भिंतीपर्यंत जाईतो काही अंशांनी तापलेली असते. आणि थंडाव्याची गरज तर उन्हाकडच्या त्या काचेपाशीच सगळ्यात जास्त! म्हणून जाणते आरेखक प्लेनममध्ये एकाऐवजी अनेक जागांहून हवा आणतात, किंवा दूरच्या टोकापर्यंत फरशीखालीच एक छोटा डक्ट नेतात, आणि काचेच्या कडेला वेगळी सोय करतात.

दमट हवेचाही विचार करायला हवा. हवेतला ओलावा काढायचा, तर ती खोलवर थंड करावी लागते. हवा नुसती १७ अंशांपर्यंतच गार केली, तर २५ अंशांच्या खोलीत आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर जाईल, गालिच्यांना कुबट वास येऊ लागेल. मग बाहेरची हवा आधी १२-१३ अंशांपर्यंत थंड करून कोरडी करतात आणि नंतर खोलीतली थोडी परतीची हवा तिच्यात मिसळून ती १७ अंशांवर आणतात. हे जमतं, पण बचतीतला एक वाटा इथे खर्ची पडतो. दमट प्रदेशासाठी कुणी कोरड्या प्रदेशाइतक्याच बचतीचं वचन दिलं, तर त्याच्याकडे हा हिशेब जरूर मागा.

एवढ्या अडचणी सांगितल्या, तरी माझा या पद्धतीवर विश्वास आहे. कारण जिथे काम नीट झालं, तिथे फळ मिळालं आहे. न्यूयॉर्क टाइम्सची २००७ सालची ५२ मजली इमारत घ्या. तिथे जमिनीखालून हवा आहे, शिवाय ऊन पाहून आपोआप खाली येणारे पडदे आणि उजेड पाहून मंद होणारे दिवे आहेत. लोक राहायला आल्यावर अनेक वर्षांनी अभ्यासकांनी प्रत्यक्ष मोजमाप केलं, तेव्हा नियमांप्रमाणे नेमकी बांधलेली इमारत जेवढी वीज घेईल, तिच्यापेक्षा सुमारे २४ टक्के कमी वीज लागत असल्याचं दिसलं. हे श्रेय तिघांचं मिळून आहे, एकट्या हवेचं नाही. झिम्बाब्वेच्या हरारे शहरातली, वास्तुविशारद मिक पीअर्स यांची १९९६ सालची ईस्टगेट इमारत तर आणखी पुढे जाते. तिथे रात्रीची गार हवा जमिनीच्या काँक्रीटमधल्या पोकळ्यांतून फिरवतात. काँक्रीट तो गारवा साठवून ठेवतं आणि दिवसा त्याच पोकळ्यांतून गार होत आलेली हवा खालच्या जाळ्यांतून खोल्यांत येते.

आणि ताज्या हवेचा फायदा विजेच्या बिलात दिसत नाही, पण तोही मोठा आहे. थर टिकले, तर आपण सोडलेला श्वास आपल्याच अंगाच्या उष्णतेबरोबर वर निघून जातो, शेजारच्याच्या नाकाशी घुटमळत नाही.

शेवटी एक विनंती. तुमच्या कार्यालयात पायाशी असा गोल डिफ्यूझर असेल, तर त्यावर पिशवी, कागदाचा खोका किंवा पायपुसणं ठेवू नका. पाय गारठत असतील, तर तो झाकू नका. बहुतेक डिफ्यूझरची वरची कडी हातानं फिरवून हवा कमी करता येते, किंवा ती फरशीच दोन फरश्या पलीकडे सरकवता येते. डोकं आणि घोटे यांच्या उंचीवरच्या हवेत ३ अंशांपेक्षा जास्त फरक नसावा, असं बसून काम करणाऱ्यांसाठीचा प्रमाणित नियम सांगतो. तो फरक साध्या थर्मामीटरनं मोजता येतो. आणि इमारतीची देखभाल तुमच्याकडे असेल, तर तुम्ही आणखी दोन जागी थर्मामीटर लावा. एक, जिथे हवा प्लेनममध्ये शिरते तिथे. दुसरा, तिथून सगळ्यात लांबच्या डिफ्यूझरमध्ये. आठवडाभर दोन्ही आकडे सकाळी आणि दुपारी लिहून ठेवा. त्यांच्यातला फरक वाढत चालला असेल, तर दाब वाढवण्याआधी फरशी उचला आणि टॉर्च घेऊन आत पाहा.

नमस्कार.