शिरक्याची गुळणी आणि दातांवरचा थर

नमस्कार, श्रोतेहो.

लवंग, कडुनिंब, बाभळीची साल, त्रिफळा ही नावे दंतमंजनाच्या डबीवर आणि गुळण्यांच्या बाटलीवर आपण नेहमी वाचतो. या वनस्पतींच्या अंगी तोंडातले जंतू मारण्याची शक्ती आहे का, असे विचारले तर प्रयोगशाळा बहुधा ‘आहे’ असे सांगते. तोंडात मात्र तेच उत्तर डळमळते. याचे कारण मला एका कापडव्यापाऱ्याच्या हकिगतीतून जितके स्पष्ट उमगले तितके पाठ्यपुस्तकांतून उमगले नाही, म्हणून आधी ती हकिगत सांगतो.

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचे हे कापडव्यापारी, अँटनी व्हान लेव्हेनहूक, स्वतः घडवलेल्या इवल्याशा भिंगांतून मिळेल ती वस्तू न्याहाळत असत. सप्टेंबर १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिले की, आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, तरीही दातांच्या फटींत भिजवलेल्या पिठासारखा पांढरा थर साचतो. तो थर पावसाच्या पाण्यात कालवून त्यांनी भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात चिमुकले जीव लगबगीने फिरताना दिसले. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातही त्यांना अशा जीवांची अफाट गर्दी आढळली. यापुढे त्यांनी जे केले, ते मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी कडक शिरक्याने अनेकदा चुळा भरल्या, मग पाण्याने तोंड धुतले आणि थर पुन्हा तपासला. असंख्य जीव अजून जिवंतच होते. नंतर थर कालवलेल्या पाण्यात त्यांनी किंचित शिरका मिसळला, आणि जीव तत्काळ मेले. गुळणीने थराच्या बाहेरच्या बाजूचेच जीव मेले, शिरका आतपर्यंत पोचलाच नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुन्हा सांगतो, शिरका तोच होता आणि जीवही तेच होते. फरक पडला तो थर मोडल्यामुळे.

वनस्पतींच्या अर्कांच्या आजच्या चाचणीत काचेच्या तबकडीतील अगारवर, म्हणजे जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या थरावर, स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जंतू पसरवतात. क्लार्क या संशोधकाने १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून वेगळा केलेला हाच तो जंतू. त्यावर अर्कात भिजवलेली कागदी चकती ठेवली, की दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती जंतू न वाढलेले वलय दिसते. लवंगेतील युजेनॉल जंतूच्या पेशीचे आवरण फोडते, त्यामुळे तिचे वलय खरेच असते. पण लवंगेचे तेल अगारमध्ये नीट पसरत नाही, म्हणून केवळ वलयाच्या रुंदीवरून दोन औषधांची तुलना करू नये. शिवाय तबकडीत औषध दिवसभर राहते, गुळणी अर्धा मिनिट. आणि तोंडात म्यूटन्स साखरेपासून चिकट पदार्थ तयार करून तोच थर घट्ट करत असतो. उत्पादकांनी डबीवर ‘जंतुनाशक’ एवढेच न छापता कोणत्या जंतूवर आणि किती मात्रेत चाचणी केली तेही छापावे, असे माझे ठाम मत आहे. वनस्पतीपासून बनते म्हणून मशेरीला मंजनांच्या पंक्तीत बसवणेही मला मान्य नाही. ती भाजलेली तंबाखू आहे.

बाभळीची काडी चावून तिचा कुंचा केला, की सालीतला तुरट रस थरापर्यंत पोचतो आणि त्याच वेळी काडीचे तंतू तो थर खरवडतात. बाटलीतल्या अर्काकडून यातले पहिलेच काम होते, आणि तेही थराच्या वरवरच.