वही चोख, पूल मोडका

नमस्कार मंडळी. विषय मिळाला आहे ‘जर्मनीचं बिघडलं कुठे?’ रीतीप्रमाणे बर्लिनपासून सुरुवात करायला हवी, पण मी एका पुलापासून करतो. माझं निम्मं आयुष्य यंत्रांचे सुटे भाग खरेदी करण्यात गेलं. त्यामुळे एखाद्या देशाची तब्येत मला त्याच्या संसदेपेक्षा रस्त्यावर लवकर कळते.

पश्चिम जर्मनीत झाउअरलांड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. डोंगर, झाडी, आणि प्रत्येक खोऱ्यात चाळीस-पन्नास माणसांचा एखादा कारखाना. कोणी स्क्रू करतो, कोणी स्प्रिंगा, कोणी दिव्यांचे होल्डर. डॉर्टमुंडकडून खाली येणारा ए-४५ महामार्ग या मुलखाची धमनी. त्यावर ल्युडेनशाइड गावाजवळ राह्मेडे दरीवर १९६०च्या दशकात बांधलेला ४५३ मीटर लांबीचा पूल होता. डिसेंबर २०२१मध्ये तपासणीत त्याचं पोलाद वाकलेलं दिसलं आणि पूल तिथल्या तिथे बंद झाला. दुरुस्तीलायक राहिला नव्हता. मे २०२३मध्ये सुरुंग लावून पाडला. नवा बांधायचं म्हणे कितीतरी आधी ठरलं होतं, फक्त ते पुढे ढकललं जात होतं.

२०२२मध्ये मी तिथे गेलो होतो, स्प्रिंगांच्या एका कारखान्यात. महामार्गावरची सगळी वाहतूक गावातून वळवलेली. मालट्रक एकामागे एक, मुंगीच्या पावलानं. दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्या बंद, आणि खिडकीतल्या कुंड्यांमधल्या जिरेनियमच्या पानांवर काळं पुट. जर्मन माणसाची खिडकीतली कुंडी धुळीनं माखलेली मी तोवर पाहिली नव्हती. मालक साठीचे गृहस्थ, तिसरी पिढी. मी पाऊण तास उशिरा पोहोचलो म्हणून माफी मागायला लागलो, तर तेच ओशाळले. म्हणाले, उशीर तुम्हाला नाही, आमच्या देशाला झालाय. दोन फिटर सोडून गेले होते त्यांचे. रोज दोन तास कोण गाडीत बसणार?

आता योगायोग बघा. सध्याचे चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, फ्रिडरिक मेर्त्स याच झाउअरलांडचे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी जुन्या वळणाचा माणूस आहे. खर्च जपून करावा, कुटुंब आणि गाव टिकावं, सरकारनं दर गोष्टीत नाक खुपसू नये, असं मानणारा. जर्मनीत असतो तर मेर्त्स यांच्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षालाच मत दिलं असतं. त्यामुळे आज जे बोलणार आहे ते घरच्या माणसावरचं बोलणं आहे.

डिसेंबर २००८. जगभर बँका कोसळत होत्या. पक्षाचं अधिवेशन श्टुटगार्टला होतं. (श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८पासून भगिनी शहरं आहेत, दोन्हीकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं.) तिथे तेव्हाच्या चान्सलर अँगेला मर्केल यांनी श्वाबियातल्या, म्हणजे त्याच भागातल्या, गृहिणीचा दाखला दिला. मतलब आपल्या ओळखीचाच: अंथरूण पाहून पाय पसरावेत. पुढच्याच वर्षी जर्मनीनं ‘कर्जाचा ब्रेक’ घटनेत घातला. मंदी किंवा आणीबाणी वगळता केंद्रानं जीडीपीच्या ०.३५ टक्क्यांहून जास्त रचनात्मक (तेजी-मंदीचा परिणाम वजा जाता उरणारी) तूट करायची नाही. २०१४मध्ये अर्थमंत्री वोल्फगांग शॉइब्लं यांनी नवं कर्ज न काढता अर्थसंकल्प जुळवला, १९६९नंतर पहिल्यांदा. या शून्य तुटीला तिकडे ‘काळं शून्य’ म्हणतात, लाल शाईच्या उलट म्हणून. पाच-सहा वर्षं ते टिकलंही. मी इथे बसून कौतुक करत होतो.

पण पुण्यातले जुने वाडे ज्यांनी पाहिलेत त्यांना हा प्रकार समजेल. भाड्याची वही आणा-पैपर्यंत चोख. मागच्या भिंतीला मात्र टेकू. वहीत कर्ज नव्हतं हे खरं, पण ते भिंतीत चढत होतं, दर पावसाळ्यात. राह्मेडेच्या पुलात नेमकं हेच झालं. रेल्वेत तेच झालं. सप्टेंबर २०२४मध्ये ड्रेस्डेनला एल्ब नदीवरच्या कॅरोला पुलाचा एक भाग पहाटे पाण्यात पडला, शेवटची ट्राम गेल्यावर थोड्याच वेळात. सुदैवानं कोणी मेलं नाही. त्याच वर्षी जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या साधारण ६२ टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते वेळेवर धरतात!

डावे मित्र म्हणतात, बघा, कर्जाच्या ब्रेकनं देश मोडला. मला हे अर्धंच पटतं. त्या दशकात कर भरभरून येत होता आणि व्याजदर शून्याला टेकले होते. म्हणजे पैसा होता. तो गेला कुठे? २०१४मध्ये मर्केल यांच्या पक्षाच्या आणि डावीकडे झुकलेल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या आघाडीनं ४५ वर्षं वर्गणी भरलेल्यांना ६३व्या वर्षी पूर्ण पेन्शन देऊ केली. म्हाताऱ्या होत चाललेल्या देशात, कुशल कामगार मिळत नाहीत म्हणून ओरड चालू असताना! पुलाला मत नसतं, पेन्शनरला असतं. आणि जिथे पैसा मंजूर होता तिथे कागद हलत नव्हता. २०२२मध्ये रशियाचा गॅस तुटला तेव्हा विल्हेल्म्सहाफनला द्रवरूप गॅसचा धक्का दहा महिन्यांच्या आत उभा राहिला. म्हणजे करायचं म्हटलं की हात चालतात.

गॅसचा विषय निघालाच आहे तर विजेचंही बोलू. २०१०मध्ये मर्केल सरकारनं अणुभट्ट्यांचं आयुष्य वाढवलं. मार्च २०११मध्ये जपानात फुकुशिमा झालं आणि काही महिन्यांत त्याच सरकारनं सगळ्या भट्ट्या बंद करायचा कायदा केला. तेव्हा देशात १७ होत्या. त्सुनामी बव्हेरियात येत नाही, हे सांगायची हिंमत पक्षात फार थोड्यांनी केली. उरलेला विश्वास रशियाच्या नळावर टाकला. २०२१मध्ये आयातीपैकी निम्म्याहून अधिक गॅस रशियाचा होता. मग युद्ध आलं. शेवटच्या तीन भट्ट्या मर्केल यांच्यानंतर आलेल्या शोल्झ सरकारनं १५ एप्रिल २०२३ला बंद केल्या, ऐन ऊर्जासंकटात. एक दोर तुटल्यावर दुसरा स्वतःच्या हातानं कापला. त्या सरकारातल्या ग्रीन पक्षाला शिव्या घालणं सोपं आहे, पण कात्री आमच्यांनी दिली होती. सक्तीची लष्करसेवा स्थगित झाली तीही २०११मध्येच, तीही आमच्यांच्याच हातून.

चीनचं थोडक्यात. बरीच वर्षं चीन हे जर्मन मोटारींचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. आता तेच गिऱ्हाईक शेजारी दुकान टाकून बसलंय, आणि विजेवरच्या गाडीत त्याचा माल स्वस्त. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं जर्मन अर्थव्यवस्था आक्रसली. फोक्सवागननं डिसेंबर २०२४मध्ये कामगार संघटनेशी करार केला, त्यात २०३०पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करायच्या आहेत. यात सरकारचा दोष किती आणि कंपन्यांच्या सुस्तीचा किती, यावर रात्रभर भांडता येईल.

आता मेर्त्स. फेब्रुवारी २०२५च्या निवडणुकीत त्यांचा सूर होता की कर्जाचा ब्रेक राहील, आधी खर्च आवरू. २३ तारखेला मतदान झालं, साडेअठ्ठावीस टक्के मतं मिळाली. महिना उलटायच्या आत, १८ मार्चला, त्यांनी घटनादुरुस्ती करून घेतली. जीडीपीच्या एक टक्क्यावरचा संरक्षणखर्च ब्रेकमधून मुक्त आणि पायाभूत सोयींसाठी ५०० अब्ज युरोंचा वेगळा फंड. तीही कोणाकडून? मुदत संपत आलेल्या जुन्या संसदेकडून, कारण नव्या संसदेत दोन तृतीयांश मतांचं गणित बसत नव्हतं. कायद्यानं चूक नाही. पण लग्नाची पंगत उठण्याआधी शब्द फिरवला, असं लोकांना वाटलं तर त्यांना काय म्हणणार?

या फंडाला जर्मनमध्ये शब्द आहे ‘झोंडरफेरम्योगन’. शब्दशः ‘विशेष संपत्ती’. कर्जाला संपत्ती म्हणायचं! आपल्याकडच्या सरकारी बाबूंनीही कान पकडावेत.

संरक्षणाबद्दल माझी तक्रार नाही. दारात युद्ध असताना तोफेसाठी उसनं काढावं लागलं तर काढावं. पुलासाठीही काढावं, पूल पन्नास वर्षं टिकतो. पण मेर्त्स यांनी पुन्हा सोशल डेमोक्रॅटांशीच केलेल्या आघाडीच्या करारात हॉटेलातल्या जेवणावरचा व्हॅट १९वरून ७ टक्के आला, मातांची पेन्शन वाढवायचं ठरलं, आणि नेहमीच्या अर्थसंकल्पातले खर्च नव्या फंडात सरकवले जातात अशी अर्थतज्ज्ञांची ओरड सुरू झाली. तिकडे याला रेल्वेचं शंटिंग यार्ड म्हणतात, डबे या रुळावरून त्या रुळावर. आपण म्हणतो, ऋण काढून सण.

(इथे श्रोत्यांतून प्रश्न आला: मग लोक एएफडी या कडव्या उजव्या पक्षाकडे वळले यात नवल काय?)

नवल नाहीच. २०२१मध्ये १०.४ टक्के, २०२५मध्ये २०.८. बरोबर दुप्पट. २०१५मध्ये निर्वासितांसाठी दारं उघडली तेव्हा माणुसकी होती, हे मी नाकारत नाही. पण किती जण, कुठे राहणार, कोण परत जाणार, हे विचारणाऱ्याला दहा वर्षं वाईट माणूस ठरवलं गेलं. ते प्रश्न मग ज्यानं उचलले त्याला मतं गेली. तरी एएफडीला मी सनातनी किंवा परंपरावादी म्हणणार नाही. रशियापुढे नमतं घ्या, युरो सोडा, असं म्हणणं म्हणजे घराची डागडुजी नव्हे, ते घर पाडणं आहे. त्यांच्याशी सत्तेची सोयरीक करायची नाही या नियमाला ‘आगरोधक भिंत’ म्हणतात. १९३३मध्ये फोन पापेन आणि इतर परंपरावादी पुढाऱ्यांना वाटलं होतं की हिटलरला आपण वापरून घेऊ. ते ज्या देशात घडलं तिथे ती भिंत का आहे, हे समजून घ्यावं लागतं. फक्त तिची किंमत अशी की उजवीकडे दार बंद, म्हणून दर वेळी डावीकडच्याशी संसार. मग पेन्शनला हात लावायचा नाही, कारण सहचराला चालत नाही. आणि ६ मे २०२५ला मेर्त्स पहिल्या फेरीत चान्सलर म्हणून निवडून आलेच नाहीत. आघाडीची ३२८ माणसं, मतं पडली ३१०. दुपारी दुसऱ्या फेरीत निभावलं.

समोर बरेच पालक दिसतायत, मुलं जर्मन शिकतायत त्यांची. महाराष्ट्रानं २०२४मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी दहा हजार कुशल तरुण पाठवण्याचा करार केला, ते तुम्हाला माहीत आहे. पाठवा जरूर. नर्स, इलेक्ट्रिशियन, फिटर, सगळे हवे आहेत त्यांना. जर्मनच्या ए-टू पातळीवर थांबू नका, वरची बी-टू करा, एवढंच सांगेन.

राह्मेडेच्या नव्या पुलाचा पहिला भाग डिसेंबर २०२५मध्ये खुला झाला. चार वर्षं लागली. जर्मन हिशेबानं हे झटपट काम समजलं जातं. कारखान्याच्या मालकांनी मला पुलाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, आता या, वेळेवर पोहोचाल. मी अभिनंदन कळवलं. त्या स्प्रिंगा आम्ही दीड वर्षापासून चाकणहून घेतो, हे त्यांना माहीत आहे.