हायब्रीड: रोमच्या डुकरापासून आपल्या वावरापर्यंत

मंडळी, रात्रभर जागल करून आलेले बरेच जण इथं बसलेत, डोळ्यांवरून कळतं. रानडुकरानं यंदाही पिच्छा सोडला नाही. म्हणून सुरुवात डुकरापासूनच करतो. विषय मात्र 'हायब्रीड' या शब्दाचा.

मूळ लॅटिन शब्द 'हिब्रिडा'. पाळीव डुकरिणीला रानडुकरापासून झालेलं पिल्लू, असा त्याचा अर्थ. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की हेच नाव पुढं माणसांनाही लावू लागले. इ. स. पूर्व 63 साली प्रसिद्ध वक्ता सिसेरोच्या जोडीनं कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, झालेला गायस अँटोनियस, त्याच्या नावामागं 'हिब्रिडा' कायमचं चिकटलेलं. एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस, अन् नाव डुकराचं! आपल्याकडं टोपणनावं ठेवण्यात कोणी मागं नाही, पण हे जरा जास्तच.

नंतर हा शब्द झाडांकडं वळला. 1717 च्या सुमारास लंडनच्या थॉमस फेअरचाइल्ड या माळ्यानं दोन वेगळ्या जातींच्या फुलझाडांचा संकर केला. लोकांनी त्या झाडाला नाव दिलं 'फेअरचाइल्डचं खेचर'. म्हणजे पुन्हा जनावरच. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं 1866 साली वाटाण्यावरचा निबंध छापला, त्याच्या शीर्षकातही हाच शब्द आहे, पण आता त्यात हेटाळणी नाही, नुसतं गणित आहे. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाटाण्यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. तेच पुन्हा पेरले की सुरकुतलेले परत निघतात, साधारण चारात एक. हायब्रीडचं बी घरी राखून का चालत नाही, त्याचं उत्तर इथं आहे. दुकानदाराला शिव्या द्यायच्या तर त्या दुसऱ्या कारणासाठी द्या.

आपल्याकडं 1964 साली सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली, आणि 'ज्वारी' हा शब्दच गळून पडला. 'औंदा हायब्रीड पेरली', 'हायब्रीडची भाकर'. इंग्रजी विशेषण आपण मराठी स्त्रीलिंगी नाम करून टाकलं! दाणा भरपूर आला, पण ताट बुटकं, कडबा कमी, आणि लवकर निसवल्यानं पावसात सापडून कणीस काळं पडायचं. मग म्हातारे नातवाला म्हणू लागले, 'हायब्रीड खाऊन वाढलास, दम कुठून येईल?' रोममधली शिवी अशी फिरून आपल्या ओसरीवर आली.

सरकारी शब्द 'संकरित'. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन ज्या संकराला भितो, तोच आपण बियाण्याच्या पिशवीवर अभिमानानं छापतो. मला याची गंमत वाटते.

मागून आबा विचारतात, 'मंग बीटी कपाशी म्हणजे हायब्रीडच ना?' नाही आबा. हायब्रीड म्हणजे दोन वाणांचं लग्न. तशी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, 1970 मध्ये सुरतेहून आली, हायब्रीड-4. बीटी म्हणजे मातीतल्या जिवाणूचा जनुक कपाशीत घातलेला. त्याला परवानगी 2002 साली मिळाली. पण तो जनुक हायब्रीड वाणातच घालून विकला. दोन्ही एकाच पिशवीत आलं, म्हणून गल्लत होते.