कोपऱ्यातला खेळाडू

लोअर परळमधील आमच्या चाळीसमोरच्या या जागेत आता गाड्या उभ्या असतात. माझ्या लहानपणी मात्र येथे संध्याकाळी पाणी मारून माती बसवली जाई, चुन्याने रेषा आखल्या जात आणि गिरणीतली पहिली पाळी संपवून आलेली माणसे कबड्डी खेळत. आमच्या गॅलरीतून ते अख्खे मैदान दिसे, पण मी त्याकडे पाठ फिरवून शेजाऱ्यांच्या खोलीत टीव्हीसमोर बसलेला असे. रोज दारात घडणारी गोष्ट मुद्दाम पाहावी, असे त्या वयात वाटत नाही.

२५ जून १९८३ रोजी त्याच खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताचा डाव १८३ धावांत आटोपला होता आणि वेस्ट इंडीजचा रिचर्ड्स ३३ धावांवर खेळत असताना मदनलालच्या चेंडूवर त्याचा फटका उंच उडाला. रिचर्ड्स गेला, एवढेच मला आठवते. तो झेल घेण्यासाठी कपिलदेव उलट दिशेने किती लांब धावला होता, हे मी पुष्कळ वर्षांनी चित्रफितीत पाहिले. त्या काळी मी खेळ पाहत नव्हतो, निकाल पाहत होतो.

पुढची वर्षे सचिनची होती. १९९८ च्या एप्रिलमध्ये शारजात त्याने दोन दिवसांच्या अंतराने केलेली १४३ आणि १३४ धावांची शतके आजही डोळ्यांसमोर आहेत, पण तो बाद झाला की आमच्या घरातला टीव्ही बंद होत असे, हेही कबूल केले पाहिजे. दोन वर्षांनी सामनानिश्चितीचे प्रकरण बाहेर आले आणि दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार क्रोनिए याने पैसे घेतल्याची कबुली दिली. मला राग आला नाही, पण अटीतटीचा सामना रंगात आला की मन बाजूला सरकून बसू लागले आणि हळूहळू पाहणेच सुटले.

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात प्रो कबड्डी लीग सुरू झाली. यू मुंबा या मुंबईच्या संघाचा पहिला सामना मी केवळ कुतूहल म्हणून लावला. मातीच्या जागी मॅट आली होती, पायांत बूट आले होते, चढाई तीस सेकंदांत बांधली गेली होती आणि सगळ्यावर दिव्यांचा, संगीताचा जरा जास्तच भडिमार होता. तरीही पाच मिनिटांत मी खुर्ची पुढे ओढली.

याचे कारण मला नंतर उमगले. क्रिकेटचे मैदान टीव्हीच्या चौकटीत कधीच मावत नाही, त्यामुळे कॅमेरा दाखवील तेच पाहावे लागते. कबड्डीचे मैदान तेरा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असते आणि चढाईपटू व समोरचे सातही जण एकाच चित्रात दिसतात, म्हणजे नजर कोठे ठेवायची हे प्रेक्षकाने ठरवायचे असते. पहिले काही दिवस मी यू मुंबाच्या अनुपकुमारच्या पायांकडे पाहत होतो, कारण तो अगदी संथपणे सरकत सरकत जादा गुण देणाऱ्या बोनस रेषेपलीकडे पाय टाकून येई. मग नजर कोपरारक्षकावर स्थिरावली. तो बराच वेळ काहीच करत नाही. गुडघे किंचित वाकलेले, शेजाऱ्याचा हात हातात घट्ट, डोळे चढाईपटूच्या कमरेवर, कारण हात आणि खांदे हूल देतात, कंबर सहसा देत नाही. चढाईपटूचे वजन पुढच्या पायावर गेले की तो घोट्यावर झेपावतो. एवढ्या क्षणासाठी तो वीस-पंचवीस सेकंद थांबलेला असतो. हे सारे आमच्या गॅलरीखाली वर्षानुवर्षे चालले होते!

या सवयीसह मी पुन्हा क्रिकेटकडे वळलो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना होता. दक्षिण आफ्रिकेची सलामीची जोडी जमली असताना भारताच्या अमनजोत कौरच्या थेट फेकीने ब्रिट्स धावबाद झाली आणि त्यानंतर प्रत्येक षटकात अमनजोत कोठे उभी आहे, हे मी शोधू लागलो. शतक झालेल्या वोल्व्हार्टने दीप्ती शर्माला उंच फटका मारला, तेव्हा घरातले सगळे ‘गेली, गेली’ म्हणून ओरडले. मी अमनजोतचे हात पाहत होतो. चेंडू तिच्या हातांतून उसळला, पुन्हा निसटला आणि मग तिने तो एका हाताने धरला.