३० तासांच्या बदल्यात एक नाव

नमस्कार श्रोतेहो. पांढऱ्या कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट कुणाच्या तरी अंगावर तुम्ही पाहिला असेल. ती कवटी ‘मिसफिट्स’ या पंक, म्हणजे वेगवान, रांगडं रॉक वाजवणाऱ्या बँडची खूण असू शकते. त्या बँडचा गायक ग्लेन डॅन्झिग. जन्म १९५५चा, गाव अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधलं लोडाय. भुतंखेतं, मुडदे, परग्रहावरची पोरं हे त्याच्या गाण्यांचे विषय. आवाज मात्र काय भरदार!

त्याची एक गोष्ट मला आज सांगायचीच आहे. १९७७ साली मिसफिट्सच्या पोरांनी पहिली तबकडी स्वतःच काढली. वर कंपनीचं नाव घातलं ‘ब्लँक रेकॉर्ड्स’. ब्लँक म्हणजे कोरं. थोड्याच दिवसांत मर्क्युरी या बड्या कंपनीला नेमकं तेच नाव हवं झालं, आणि ते तर आधीच घेतलेलं! मग सौदा ठरला. नाव आम्हाला द्या, बदल्यात स्टुडिओचे ३० तास घ्या.

३० तास! तासावर भाडं मोजायच्या जागेत, फुकट ३० तास! १९७८च्या सुरुवातीला चौघं न्यूयॉर्कच्या स्टुडिओत शिरले. वेळ मोजका, म्हणून बहुतेक गाणी सगळ्यांनी एकत्र, थेट वाजवली. एकामागून एक १७ गाणी. ग्लेन तेव्हा बावीस वर्षांचा. हल्ली एकेक ओळ कापून, जोडून गाणं शिवतात, ते मला मुळीच पटत नाही. गाणाऱ्याचा दम ऐकू आला पाहिजे. आमच्या गावचं भजनी मंडळ रात्री दोनला ज्या फाटक्या गळ्याने गायचं, त्याची सर कशालाच नाही.

तर ३० तास, १७ गाणी. आणि तो आल्बम एकाही कंपनीने घेतला नाही! काही गाणी सुटी सुटी बाहेर आली. अख्खा आल्बम निघाला १९९६ साली. १८ वर्षांनी, मंडळी! मूळ बँड तर १९८३मध्येच मोडला होता.

पुढे ग्लेनने ‘सॅमहेन’ नावाचा बँड काढला, मग १९८७पासून स्वतःच्या आडनावाचा हेवी मेटल बँड. त्यातलं ‘मदर’ हे गाणं आलं १९८८ला, गाजलं १९९४ला. त्याच वर्षी त्याने लिहिलेलं एक गाणं थोर अमेरिकन गायक जॉनी कॅशने गायलं.

आता त्या ३० तासांतलंच एक गाणं लावतोय. दीड-दोन मिनिटांचंच आहे. आवाज मोठा ठेवा, आणि घरात कुणी झोपलं असेल तर दार तेवढं लोटून घ्या.